टर्फखाली गेलेलं पाणी पुढे कुठे जातं?

प्रश्न : आमच्या घरामागे 12 बाय 6 मीटरचं अंगण आहे. माती चिकण. जरा जोराचा पाऊस झाला की तीन-तीन दिवस पाणी हटत नाही आणि उन्हाळ्यात त्याच जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. दोनदा लॉन लावलं, दोन्ही वेळा पिवळं पडून कुजलं. कुत्रा दिवसातून चार वेळा चिखल घरात आणतो. परवा एक टर्फवाले, म्हणजे कृत्रिम हिरवळ अंथरणारे, येऊन गेले. त्यांनी टर्फच्या तुकड्यावर बादलीभर पाणी ओतून दाखवलं, क्षणात आरपार! वरची हिरवळ खरवडू, वाळू पसरू आणि दोन दिवसांत टर्फ अंथरून देऊ, चिखल कायमचा बंद, असं म्हणाले. नमुन्याचा तुकडाही ठेवून गेलेत. मिस्टर तयार आहेत. मला काहीतरी खटकतंय, पण काय ते नेमकं सांगता येत नाही. अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त पाणी साचतं, भिंतीपलीकडे पावसाळी गटार आहे. हो, आणि अर्ध्या छपराचं पाणीही पाइपातून याच अंगणात पडतं. टर्फ घालावं का?
— चिखलाने वैतागलेली

उत्तर : ताई, तुम्हाला खटकतेय ती ती बादली. टर्फवाल्यांनी पाणी ओतलं तेव्हा तुकडा कुठे ठेवला होता, आठवून बघा. हातात धरला असेल, नाहीतर फरशीवर तिरका टेकवला असेल. त्याच्याखाली तुमची माती नव्हती. टर्फच्या पाठीला भोकं असतात आणि त्यातून पाणी झरझर जातं, यात काही खोटं नाही. पण बंद डब्याच्या झाकणावर गाळणी ठेवली म्हणून डब्यात पाणी उतरत नाही. तुमच्या अंगणातलं झाकण म्हणजे ती चिकण माती, आणि वाळू पसरून टर्फ अंथरलं तरी ते झाकण जागच्या जागी राहणार आहे.

छपराचं तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंत. मी मात्र तिथूनच सुरुवात करणार आहे.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचं अंगण 72 चौरस मीटरचं. एका दुपारी 40 मिलिमीटर पाऊस झाला तर अंगणावर 2,880 लिटर पाणी पडलं. आता अर्धं छप्पर 60 चौरस मीटरचं धरू, तुम्ही माप दिलेलं नाही म्हणून अंदाजाने. त्यावरून आले आणखी 2,400 लिटर. म्हणजे अंगणात आलेल्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं पाणी त्या अंगणावर पडलेलंच नाही, वरून आणून ओतलेलं आहे. चिकण माती तासाला साधारण 1 ते 5 मिलिमीटर पाणी आत घेते. वाळूची जमीन 30 च्या वर घेते. तुमची माती 2 मिलिमीटर घेते असं समजलं, तर अंगण तासाला 144 लिटर पितं. 5,280 लिटर प्यायला त्याला दीड दिवस लागणार, तोही माती आधी कोरडी असेल तर. ती आधीच फुगलेली असेल तर तुमचे ते तीन दिवस आलेच.

तेव्हा पहिलं काम टर्फवाल्याचं नाही, प्लंबरचं आहे. छपराचा तो पाइप साध्या, भोकं नसलेल्या पाइपाला जोडून थेट गटारापर्यंत न्यायचा. गटाराला जोडायला परवानगी लागत असेल तर ती आधी काढा, आणि शेजाऱ्याच्या हद्दीत पाणी सोडायचा मोह टाळा. एवढं केलं की अंगणावरचा भार जवळपास अर्ध्यावर येतो. काही घरांचा प्रश्न इथेच मिटतो आणि मग टर्फचं नाव कोणी काढत नाही. तुमचा मिटेलच असं म्हणत नाही, कारण दोनदा गवत कुजलं म्हणजे मातीच्याही काही भानगडी आहेत. त्या पाहण्यासाठी कुदळ घ्या.

अंगणात दोन जागी, एक घराजवळ आणि एक त्या पाणथळ कोपऱ्यात, हातभर खोल आणि तेवढेच रुंद खड्डे घ्या. हातभर म्हणजे इथे 30 सेंटीमीटर पुरे. खणतानाच बरंच काही कळेल. पुष्कळदा वीतभर मातीखाली बांधकामाचा राडारोडा निघतो, सिमेंटचे ढेकूळ, विटांचे तुकडे, आणि त्यावर यंत्रांनी दाबून दगड केलेला थर. तसं निघालं तर दोष नुसत्या चिकणमातीचा नाही. निघालेल्या मातीचा ओला गोळा अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबत पट्टी काढा. 5 सेंटीमीटरहून लांब पट्टी न तुटता लोंबली तर माती अस्सल चिकण. मग खड्डे पाण्याने भरा आणि रात्रभर सोडून द्या. कोरडी माती पहिल्यांदा भेगांमधून भसाभस पाणी पिते आणि फसवते, म्हणून पहिल्या भरण्याचं माप धरायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, पट्टी उभी करा आणि तासा-तासाने पातळी लिहा. तासाला अडीच सेंटीमीटर किंवा जास्त उतरली तर माती तशी वाईट नाही, उतार आणि दाबलेला थर एवढंच बघायचं. तासाला एक सेंटीमीटरही उतरली नाही, तर पाणी जमिनीत जिरवण्याचे सगळे बेत सोडून द्या. त्याला बाहेरचा रस्ता काढून द्यावाच लागेल.

हे मी अनुभवाने सांगतेय. माझ्या स्वतःच्या चिकणमातीच्या अंगणात मी कुणाचंही न ऐकता शोषखड्डा घेतला होता. मीटरभर खोल, डबर भरून, वर जाळी. फार छान दिसायचा. दोन पावसांत काठोकाठ भरला आणि चार दिवसांनी काठी घालून पाहिली तर पाणी होतं तेवढंच. मी जमिनीत टाकी बांधली होती. एका बेडकाला ती आवडली, इतर कुणालाही नाही.

आता टर्फ. समजा ते नीट घातलं: माती 10 सेंटीमीटर खणून काढली, तिथे खडी भरली, वर टर्फ. एकसारख्या आकाराच्या, चुरी नसलेल्या खडीत साधारण 40 टक्के जागा पोकळ असते. म्हणजे 10 सेंटीमीटरच्या थरात 40 मिलिमीटर पाऊस मावतो. आपण धरलेला तो दुपारचा पाऊस टर्फखाली अख्खा गडप होईल. वर पाय ठेवला तर कोरडं! तुमचे मिस्टर म्हणतील, बघ, मी सांगत होतो. पण ते पाणी गेलेलं नाही, लपलेलं आहे. खालची माती आपल्या चालीने तासाला 2 मिलिमीटरच पिणार. त्याच रात्री तेवढाच पाऊस पुन्हा आला तर खडी अर्धवट भरलेलीच असेल आणि पाणी कोपऱ्यातून टर्फवर येईल. आणि छपराचं पाणी तोडलं नसेल तर पहिल्याच पावसात येईल. हा झाला नीट केलेल्या कामाचा हिशेब. तुम्हाला सुचवलेली बोट-दोन बोटं वाळू म्हणजे तर चिखलाला घातलेली ओढणी.

अशाच घाईने घातलेल्या टर्फचा एक कोपरा मी उचलून पाहिला आहे, ओळखीच्यांच्या घरी. वर हिरवंगार, विंचरल्यासारखं. खिळे उपसून कोपरा उलटला तर आधी वास आला, सडक्या अंड्याचा. खालची माती करडी-निळसर झाली होती. चिकणमातीला फार दिवस हवा मिळाली नाही की तिच्यातल्या लोहाचा तांबूसपणा जातो आणि असा मेलेला रंग येतो. वाळू वेगळी अशी उरलीच नव्हती, मातीत कालवली गेली होती. बोट दाबलं की ते चिखलात रुतायचं आणि आजूबाजूला बुडबुडे यायचे. त्यांच्याकडेही कुत्रा होता. कुत्र्याची लघवी टर्फवरून वाहून जायला खाली वाट लागते. वाट नसेल तर ती तिथेच मुरते आणि उन्हाचा तडाखा बसला की अंगणभर अमोनियाचा भपकारा सुटतो. नुसत्या वरून पाणी मारण्याने तो जात नाही, कारण मारलेलं पाणीही तिथेच थांबतं.

तुम्ही लिहिलेल्या भेगांकडे टर्फवाल्यांनी पाहिलं होतं का? चिकणमातीचे कण 2 मायक्रॉनहून बारीक असतात, आणि काही प्रकारच्या चिकणमातीत, विशेषतः मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असेल तर, पाणी कणांच्या पापुद्र्यांमध्ये शिरून माती फुगते, वाळली की आक्रसते. दरवर्षी जमीन वर-खाली होणार. पातळ थरावरचं टर्फ तिच्याबरोबर लाटा घेतं, सांधे उकलतात, कडेचे खिळे वर येतात. जाड खडीचा थर ही हालचाल बराचसा झाकतो, पूर्णपणे थांबवत नाही. घराच्या पायाजवळ ही माती ओली-कोरडी होत राहणं भिंतींनाही मानवत नाही, म्हणून पायापासून पहिल्या 3 मीटरांत 15 सेंटीमीटर उतार बाहेरच्या बाजूला असावा असं धरतात. तुमच्याकडे तो आहे का, हे टर्फपेक्षा आधी बघा.

गंमत म्हणजे कृत्रिम हिरवळ जगात गाजली ती 1966 साली, अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम या छत असलेल्या स्टेडियममध्ये. खेळाडूंच्या डोळ्यांवर चमक येते म्हणून छताची पारदर्शक तावदानं रंगवली, ऊन आत येईना, खरं गवत मेलं, म्हणून प्लॅस्टिकचं अंथरलं. थोडक्यात, हा माल नावारूपाला आला तो पाऊस पडतच नाही अशा जागी. निचऱ्याचं काम त्याच्याकडे कुणी दिलं, देव जाणे.

मग निचरा करायचा कसा? तुमच्याकडे एक मोठी जमेची बाजू आहे, भिंतीपलीकडचं गटार. पाण्याची लेव्हल ट्यूब घ्या, गवंड्याकडे असते ती, आणि गटाराचा तळ तुमच्या कोपऱ्यापेक्षा किती खाली आहे ते मोजा. हा एक आकडा बाकी सगळं ठरवतो. निदान 60 सेंटीमीटर खाली असेल तर काम सरळ आहे. गटार वर असेल किंवा पावसात तुडुंब भरून उलटं येत असेल, तर कोपऱ्यात छोटी टाकी आणि पंप लागेल, आणि मग रोजच्या देखभालीचं एक शुक्लकाष्ठ मागे लागेल हे आधीच समजून घ्या.

गटार खाली आहे असं धरून पुढे जाऊ. अंगणाच्या लांबीने, खालच्या बाजूला, एक चर खणायची. वीत-दीड वीत रुंद, सुरुवातीला 40 सेंटीमीटर खोल आणि मीटरमागे एक सेंटीमीटर उतरत जाणारी, म्हणजे 12 मीटरला 12 सेंटीमीटर, कोपऱ्यात 52. चरीत न विणलेलं जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड अंथरायचं, त्यावर थोडी धुतलेली खडी, त्यावर 100 मिलिमीटरचा भोकांचा पाइप, भोकं खाली करून. हो, खाली. पाणी खडीत खालून चढत येतं आणि तळाशीच पाइपात शिरतं. भोकं वर ठेवली तर पाइपाच्या उंचीएवढं पाणी चरीत कायम उभं राहील. वरच्या टोकाला पाइप वळवून जमिनीपर्यंत आणा आणि झाकण लावा, गाळ साचला तर तिथून पाण्याचा मारा करता येतो. छपराचा पाइप या भोकांच्या पाइपाला जोडू नका. पाहिजे तर एकाच चरीत शेजारून न्या, पण वेगळा. नाहीतर जे पाणी अंगणातून घालवायला निघालो तेच भोकांमधून अंगणाला परत पाजल्यासारखं होईल.

या चरीला फ्रेंच ड्रेन म्हणतात. त्याचा फ्रान्सशी काही संबंध नाही. हेन्री फ्लॅग फ्रेंच नावाचे एक अमेरिकी न्यायाधीश होते, त्यांनी 1859 मध्ये शेतातल्या निचऱ्यावर लिहिलं, त्यांच्या आडनावावरून पडलेलं नाव.

चर भरताना एक चूक हमखास होते. वरचे चार बोटं तीच निघालेली माती टाकून, दाबून, छान सपाट करतात. वालुकामय जमिनीत ते खपून जातं. चिकणमातीत आडवं पाझरून चरीपर्यंत येणारं पाणी फारच थोडं. चर ओढते ती दोन्ही बाजूंची जेमतेम हात-दोन हात जमीन. इथे चरीचं खरं काम वरून वाहत आलेलं पाणी पकडणं हे आहे. तिचं तोंड मातीने बंद केलंत तर सगळा खर्च पुरला गेला. खडी वरपर्यंत येऊ द्या, आणि अंगण त्या खडीकडे मीटरमागे एक ते दोन सेंटीमीटर उतरतं करा. डोळ्याने सपाट दिसतं, पाण्याला कळतं.

हे काम वाफसा आल्यावरच काढा. मुठीत दाबलेला गोळा बोटाने टिचकी मारल्यावर फुटला पाहिजे. ओल्या चिकणमातीत फावडं आणि पाय फिरले की तिची उरलीसुरली पोकळीही बंद होते, आणि पुढची दोन वर्षं ती तुम्हाला माफ करत नाही.

चर झाली, छपराचं पाणी तोडलं, एक पावसाळा काढला, तरीही टर्फच हवं असेल तर बेलाशक घाला. मी टर्फची वैरीण नाही. कुत्रा धावतो त्या पट्ट्यात किंवा भिंतींच्या सावलीत गवत टिकणं कठीणच असतं. फक्त काम असं करून घ्या: खालची माती स्वतः चरीकडे उतरती केलेली, कारण खडी उतारावर आणि माती सपाट असं असेल तर पाणी मातीच्या मर्जीवर चालतं, त्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे खडी चिखलात रुतणार नाही, मग 10 ते 15 सेंटीमीटर टोकदार, चुरी नसलेली खडी, थरांनी धुम्मस करून, शेवटी दोन-अडीच सेंटीमीटर बारीक कच. गोल नदीचे गोटे नकोत, ते पायाखाली सरकतात. कापडाच्या जागी कुणी प्लॅस्टिकचा कागद अंथरायला लागलं तर काम तिथेच थांबवा. टर्फवाल्यांना इतकंच विचारा, ‘खालचं पाणी अंगणाच्या बाहेर नेमकं कुठून पडणार, बोट दाखवा.’ बोट दाखवता आलं नाही तर चहापाणी करून निरोप द्या.

आणि मुलं अनवाणी खेळणार असतील तर हेही ध्यानात घ्या, की भर उन्हात टर्फ 60-70 अंशांपर्यंत तापतं. खरं गवत पानांतून पाणी सोडून स्वतःला गार ठेवतं, प्लॅस्टिक तसं करत नाही. साधारण 10 ते 15 वर्षांनी ते काढून टाकावं लागतं आणि तेव्हा त्या भेंडोळ्याचं करायचं काय, हा प्रश्न तुमच्याच दारात असेल. मोठं झाड असेल तर त्याच्या मुळांवरून ते नेऊ नका.

माझ्या मनाने विचाराल तर मी पूर्ण अंगणावर टर्फ घालणार नाही. पाणी निघून जायला लागलं की चिकणमाती ही गरीब माती नाही, अन्न धरून ठेवणारी आहे. दर हंगामात पाच सेंटीमीटर कुजलेलं कंपोस्ट वरच्या वीतभर थरात मिसळत गेलात तर ती दोन-तीन वर्षांत भुसभुशीत होते. वाळू मिसळू नका, कुणीही सांगितलं तरी. थोडी वाळू आणि चिकणमाती मिळून विटेसारखा थर होतो. फरक पडावा इतकी वाळू घालायची तर निम्मं अंगणच वाळूचं करावं लागेल. जिप्समचा सल्लाही तुम्हाला मिळेलच. ते चोपण जमिनीवर, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या मातीवर गुणकारी आहे; माती तपासून सोडियम निघालं तरच टाका. आणि खाली खडी पसरून वर माती घालून लॉन लावू नका. बारीक मातीतलं पाणी माती पूर्ण भिजून चिंब होईपर्यंत खालच्या जाड खडीत उतरतच नाही, त्यामुळे मुळं आणखी जास्त काळ पाण्यात राहतात. तुमचं दुसरं लॉन असंच गेलं नाही ना?

त्या चिबड कोपऱ्यात गवताचा हट्ट सोडा आणि कर्दळ लावा, तिला पाय ओले चालतात. कुत्रा कुंपणाच्या कडेने पळत असणार, बहुतेक कुत्री पळतात, तिथे मीटरभर रुंदीची पट्टी टर्फची किंवा बारीक कचीची करा. चिखलाचे पाय तिथूनच येतात, सगळ्या अंगणातून नाही.

मिस्टरांना पटवायचं तुमच्याकडे लागलं. त्यांना हे पत्र वाचून दाखवू नका, त्याने कुणी पटत नाही. पुढच्या जोराच्या पावसात त्यांना छत्री घेऊन मागच्या दारात उभं करा आणि छपराचा पाइप किती जोरात अंगणात पाणी फेकतोय ते दहा मिनिटं बघू द्या. खड्ड्याचे दोन्ही आकडे आणि लेव्हल ट्यूबचं माप मला कळवा, चरीची खोली आपण नक्की करू. टर्फचा तो नमुन्याचा तुकडा परत मागितला नसेल तर मागच्या दारापाशी पायपुसणं म्हणून टाका. खाली जाळी ठेवा मात्र.